मुळाशी काळे केस

शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. या घराण्यातली सगळी मोठी भांडणं अशीच झाली आहेत: दुकानाला सुट्टी असलेल्या वारी, अर्ध्या शटरमागे, फिरत्या खुर्च्यांवर बसून. घरी सोफा आहे, चांगला मऊ आहे, पण सोफ्यावर बसून या लोकांना भांडताच येत नाही. समोर आरसा लागतो.

मधल्या खुर्चीवर अण्णा बसले होते, डोक्याला लोकरी टोपी घट्ट ओढून. पंचेचाळीस वर्षं ते या खुर्चीच्या मागे वस्तरा घेऊन उभे राहिले. तिच्यात बसायला लागले ते आजारपणापासून. डाव्या खुर्चीवर आक्का, त्यांची थोरली बहीण. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि तोंड मिटत नव्हतं. उजव्या खुर्चीवर थोरला मुलगा. त्याने वस्तऱ्याचा धंदा विशीतच सोडला, शाळेत गणिताचा मास्तर झाला आणि घरात त्याला ‘मास्तर’ म्हणतात ते काही कौतुकाने नाही. त्याच्या मांडीवर हॉस्पिटलची फाइल होती. धाकटा उभा होता. दुकान आता तोच चालवतो, त्यामुळे दुकानात बसणं त्याला जमत नाही. आणि मागे बेसिनपाशी टॉवेलच्या घड्या घालत होती धाकट्याची बायको. शेजारच्या खोलीत बायकांचं पार्लर आहे ते तिचं. या सभेला तिला कुणी बोलावलं नव्हतं. टॉवेल मात्र तिनेच धुवायचे होते.

“मी स्पष्ट बोलतो,” मास्तर म्हणाला.

“तू कधी अस्पष्ट बोललायस?” आक्का म्हणाली. “बोल.”

“डावी किडनी काढली त्याला दोन वर्षं झाली. मग फुप्फुसात तीन गाठी निघाल्या. दहा महिने गोळी चालू आहे, चार आठवडे घ्यायची, दोन आठवडे सुट्टी. पहिल्या दोन स्कॅनमध्ये गाठी आकसल्या, आपण सगळे नाचलो. गेल्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये सगळ्यात मोठी गाठ अठरा मिलिमीटरवरून सव्वीसवर गेलीय. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळीचा असर संपलेला दिसतोय, उद्या या, पुढचं ठरवू. आणि पुढचं औषध म्हणजे शरीराची स्वतःची ताकद चवताळवणारं. अण्णांच्या जुन्या आमवाताला ते भलतंच महागात पडेल, हेही त्याच म्हणाल्या.” त्याने फाइल मिटली. “म्हणून मी म्हणतो, बस्स झालं. उद्या जाऊन सांगू, आता काही नको. उरलेले दिवस माणसाला निवांत जगू द्या.”

धाकटा उसळला. “उरलेले दिवस! तू काय शाळेचं वर्ष मोजतोयस का, दादा? दुसऱ्या हॉस्पिटलात दाखवू. मोठ्या शहरात जाऊ.”

“मी मास्तरच्या बाजूची,” आक्का म्हणाली, तशी धाकट्याने मान झटकन वळवली. आक्का कायम त्याच्या बाजूची असायची. “असा बघू नकोस माझ्याकडे. याच्या तळपायांना फोड आले होते तेव्हा हा मोरीपर्यंत गुडघ्यांवर गेला होता. मी पाहिलंय. लहानपणी मी याला रांगायला शिकवलं, म्हातारपणी पुन्हा रांगताना बघायची माझ्यात ताकद नाही.”

अण्णा आरशात स्वतःच्या हातांकडे बघत होते. हात चांगले दिसत होते. गुळगुळीत, कोरडे, एकही फोड नाही.

मास्तरला त्या हात न्याहाळण्याची चीड आली. गेला आठवडाभर तो वर्गात फळ्यावर उदाहरण मांडायचा आणि उत्तर लिहायचं विसरून खिडकीबाहेर बघत राहायचा. पोरं हसायची. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हता. त्याऐवजी तो धाकट्यावर घसरला. “तू दहा महिने त्यांच्याजवळ होतास. काय दिवे लावलेस?”

“मी?” धाकट्याचा आवाज फाटला. “मी काय नाही केलं? मलम लावलं, पथ्य सांभाळलं. गोळीने डोकं पांढरंफटक पडलं, गिऱ्हाइकांसमोर लाज वाटते म्हणाले, तर रंगसुद्धा लावून दिला. आणि रंग कसा लावला विचार! सव्वादोन महिने झाले, दर पंधरा दिवसांनी मी बघतो, मुळाशीसुद्धा पांढरा केस नाही. असा टिकलेला रंग दाखव मला कुठे! तू फाइली लाव, मी हाताने काम करतो.”

बेसिनपाशी टॉवेलची घडी अर्ध्यावर थांबली.

सुनेच्या हातून महिन्याला तीसेक डोकी जातात. तीसही डोक्यांचं गाऱ्हाणं एकच: मुळाशी पांढरं दिसायला लागलं, कर काहीतरी. रंग जिथे लावला तिथेच राहतो. केस खालून नवा येतो, तो रंग माहीत नसलेला येतो. सतराव्या वर्षी शिकलेली ही पहिली गोष्ट. आणि तिचा नवरा, इतकी वर्षं कात्री धरलेला माणूस, मुळाशी टिकलेल्या रंगाची फुशारकी मारत होता! कौतुक माणसाला किती आंधळं करतं, बाई!

बोलावं की नाही, असा तिने एक क्षण विचार केला. सभेत तिला जागा नव्हती. मग तिने टॉवेल तिथेच टाकला, लांब दांडीचा कंगवा उचलला आणि मधल्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

“अण्णा, टोपी काढता?”

अण्णांनी टोपी दोन्ही हातांनी धरली. “नको. सर्दी होईल.”

“काय घामाने डबडबलाय आणि म्हणे सर्दी,” आक्का म्हणाली. “काढ रे, पोरगी मागतेय.”

“आक्का, तू मधे पडू नकोस.”

“मधे पडू नको? या घरात मी मधे पडले नसते तर तुझं लग्नसुद्धा झालं नसतं!” आणि खुर्चीतून तशीच वाकून तिने टोपी ओढून काढली.

सुनेने आरशावरचा दिवा लावला. कंगव्याच्या दांडीने भांग पाडला. टोकाकडचे केस तांबूस, विटके होते, धुऊन धुऊन उतरलेला रंग. आणि टाळूपासून वर, बोटाच्या रुंदीएवढे, काळेभोर, तुकतुकीत. साठी उलटली तरी या घराण्याचे केस काळे राहतात, तसे.

“हा रंग नाही,” ती म्हणाली. “हे केस आहेत.”

“केसच आहेत. मग?” मास्तर म्हणाला.

“भाऊजी, पहिल्याच महिन्यात डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं ना, ही गोळी पोटात असेपर्यंत केस पांढरेच येणार, आणि बंद झाली की पुन्हा मूळचे येणार? दोन आठवड्यांच्या सुट्टीत यांच्या डोक्यावर तांदळाच्या दाण्याएवढी काळी पट्टी यायची. मी पाहिलीय. पट्ट्यापट्ट्यांचं डोकं झालं होतं.” तिने कंगवा तसाच धरून ठेवला. “ही पट्टी तांदळाएवढी नाही.”

कुणी अण्णांकडे थेट बघितलं नाही. चौघांनीही आरशात बघितलं. आरशातले अण्णा डोळे मिटून बसले होते.

मास्तर उठला. फाइलमधून मोजपट्टी काढली. हा माणूस फाइलीत पट्टी ठेवतो, काय बोलायचं! त्याने बापाच्या डोक्याला पट्टी लावली आणि वाकून आकडा वाचला. “सव्वादोन सेंटिमीटर. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो...”

“दहा आठवडे झाले,” अण्णा म्हणाले. “हिशोब नको करूस. मी सांगतो.”

धाकटा खाली बसला. खुर्ची नव्हती तरी बसला, जमिनीवर. “अण्णा, तुम्ही माझ्याकडून रंग लावून घेतलात... तो हे झाकायला?”

“तुझ्या कामात खोट नव्हती,” अण्णा म्हणाले. “पंधरा दिवसांनी नवे केस काळे दिसतील आणि तुला ते स्वतःचंच काम वाटेल, एवढं मला ठाऊक होतं. तुझा स्वभाव मला माहीत नाही का? दाढी मी रोज दोनदा करत होतो, खुंट काळे दिसू नयेत म्हणून.”

“पण का?” मास्तर ओरडला. “का, अण्णा?”

अण्णांनी हात समोर धरले. आणि मग जे दहा आठवडे आत कोंडलं होतं ते बाहेर आलं.

घड्याळजी आला होता. तीस वर्षांचं गिऱ्हाईक, या खुर्चीत मान मागे टाकून घोरणारा माणूस. गोळीचा तिसरा आठवडा होता, तळहाताची साल निघालेली. वस्तरा कानाखाली फिरत असताना अंगठ्याखालचा फोड फुटला, मूठ निसटली आणि पातं आत गेलं. दोन टाके पडले. घड्याळजी एक शब्द बोलला नाही. उलट म्हणाला, होतं असं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला आणि धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसला.

“त्याने खुर्ची बदलली,” अण्णा म्हणाले. “समजतंय का तुम्हाला? शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. तो गुपचूप खुर्ची बदलून बसला. त्याच दिवशी मी गोळी बंद केली. तीन आठवड्यांत हात असे झाले. मग मी चाळीस दाढ्या केल्या, एक ओरखडा नाही. दहा आठवडे मी पुन्हा मी होतो. मला वाटलं, स्कॅन वाईट येईल, डॉक्टर गोळी बंद करतील, कुणावर ठपका येणार नाही. हात शाबूत ठेवून मरायचं होतं मला. हातांशिवाय जगून काय करू? इथे बसून तुमच्या गिऱ्हाइकांना चहा देऊ?”

“वा!” मास्तरचा चेहरा लालबुंद झाला होता. “आणि आम्ही? आम्ही आठ दिवस तुमचं मरण उरावर घेऊन हिंडतोय! मी आज इथे सांगायला आलो होतो की बापाला मरू द्या! माझ्या तोंडून वदवलंत तुम्ही ते!” त्याने फाइल आपटली आणि आरशाकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. धाकट्याने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. या दोघांनी एकमेकांना हात लावून किती वर्षं झाली होती, ते आक्काला सुद्धा सांगता आलं नसतं.

आक्का मात्र बघत होती भलतीकडेच. तिची नजर भावाच्या काळ्या केसांवर खिळली होती. एकदम तिने खुर्चीच्या हातावर थाप मारली.

“थांबा! थांबा रे रड्यांनो! म्हणजे गोळी हरलेली नाही!”

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“अरे, बघता काय! याने घेतलीच नाही तर ती काम करेल कशी? गोळी चालू होती तेव्हा गाठी आकसत होत्या. याने सोडली आणि वाढली. सरळ आहे! हरली कुठे ती? हिला मैदानात उतरवलंच नव्हतं!” ती खुर्चीतून उडी मारून उतरली, वयाच्या सत्तरीत, आणि सुनेला तिने असं कवटाळलं की कंगवा खाली पडला. “माझी वाघीण! आम्ही सगळे जन्माचे न्हावी, डोक्यावर डोकी बघत आलो, आणि दिसलं एकटीला!”

“मी अजून हो म्हटलेलं नाही,” अण्णा म्हणाले.

हाच तर सगळा प्रश्न होता. गोळी जिवंत होती. घेणारा तयार नव्हता.

सून त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, आरशाच्या आणि त्यांच्या मधे. “हातांबद्दल मला कधी विचारलंत, अण्णा? मी दिवसाचे आठ तास रसायनांत हात बुडवते. कातडी कशी सांभाळायची, हातमोजे कुठले घालायचे, कुठलं मलम कधी लावायचं, मला कळतं. डॉक्टरबाईंना एकदा तरी सांगितलंत, हात सोलतायत, वस्तरा सुटतोय? नाही. का? तर गिऱ्हाईक खुर्ची बदलून बसलं! गिऱ्हाईक खुर्ची बदलतं. आम्ही बाप कुठून बदलायचा?”

अण्णांनी टोपी शोधून पुन्हा डोक्यावर चढवली. “उद्या येतो मी,” ते म्हणाले. “एवढंच. कबूल काही करत नाही.”

*

डॉक्टरबाई ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. पाच माणसं आत शिरलेली पाहून त्यांनी आधी खुर्च्या मोजल्या आणि मग नाद सोडला.

आक्काने वेळ घालवला नाही. अण्णांची टोपी काढली, डोकं पुढे वाकवलं आणि पिशवीतून पावडरचा जुना डबा काढून टेबलावर उपडा केला. न घेतलेल्या गोळ्या. धाकट्याने आदल्या दिवशीच मोजल्या होत्या, बेचाळीस भरल्या.

डॉक्टरबाईंनी गोळ्यांकडे पाहिलं, केसांकडे पाहिलं. मग त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. चष्मा नाकावर घसरला.

“रक्तदाब,” त्या म्हणाल्या. “गोळी चालू असताना तुमचा रक्तदाब दरवेळी वर जायचा. गेल्या दोन भेटींत अगदी शहाण्यासारखा होता. मी म्हटलं, चला, एक काळजी मिटली! मला तिथेच शंका यायला हवी होती.” मग त्या अण्णांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज चढला. “मी विचारलं होतं, गोळ्या नियमित चालू आहेत ना? तुम्ही काय म्हणालात?”

“हो म्हणालो,” अण्णा पुटपुटले. “लाज वाटली.”

“लाज! तुमच्या लाजेपायी मी आज एक चांगलं औषध बाद करणार होते!”

आक्काला डॉक्टर त्या क्षणी फार आवडल्या. आपल्या भावाला असं कुणीतरी झापायला हवंच होतं. “बाई, मला एक सांगा,” ती म्हणाली, “ही गोळी नेमकं करते काय? हे सगळे माना डोलावतात, पण कळलंय कुणाला?”

डॉक्टरबाईंनी कागद ओढला आणि एक वर्तुळ काढलं. “ही गाठ. हिला वाढायला रक्त लागतं आणि किडनीच्या या गाठी तर रक्ताला फारच हावरट. स्वतःकडे रक्त नाही, म्हणून ही आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना निरोप पाठवते, इकडे फाटा फोडा, मला नवी वाहिनी द्या. आणि त्या बिचाऱ्या देतात. गोळी त्या गाठीला सरळ मारत नाही. ती तो निरोपच पोचू देत नाही. नवे फाटे फुटत नाहीत, जुने सुकतात, गाठ उपाशी पडते.”

“म्हणजे चोरून नळ जोडून घेणारी भाडेकरू,” आक्का म्हणाली. “आणि गोळीने तिचा नळ तोडला.”

“अगदी तसंच. फक्त अडचण अशी, की असे निरोप शरीरात इतर चांगल्या कामांनाही लागतात. केसांना रंग देणाऱ्या पेशींना लागतात, म्हणून केस पांढरे येतात. तळहाताची, तळपायाची कातडी दुखावते. केस पाहून मी डोस ठरवणार नाही. पण हे डोकं, हा रक्तदाब आणि हा डबा, तिन्ही एकच सांगतायत.”

“मग आता?” मास्तरने विचारलं. त्याच्या मांडीवर फाइल नव्हती. आज त्याने ती धाकट्याकडे दिली होती.

“आता पुन्हा सुरू. डोस थोडा उतरवते. चारावर दोनऐवजी दोन आठवडे गोळी आणि एक आठवडा सुट्टी, त्याने हात पुष्कळांना झेपतात. मलम पहिल्या दिवसापासून, फोड यायची वाट बघत बसायचं नाही. आणि पहिला फोड आला की मला फोन.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “पण खात्री देत नाही मी. मधल्या दहा आठवड्यांत गाठीने भरपूर फाटे ओढून घेतलेत. पुन्हा ऐकेल की नाही, ते तीन महिन्यांनी स्कॅनच सांगेल. अण्णा, आणि हे तुमच्या मनाविरुद्ध होणार नाही. वस्तरा पूर्वीसारखा चालेल असं मी म्हणत नाही. तुम्ही बोला.”

आक्काने भावाकडे पाहिलं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळ्यावर धार धरली तो आता स्वतःच्या निर्णयाला बिचकत होता.

“तीन महिने,” अण्णा शेवटी म्हणाले. “या पोरांनी आठ दिवस सोसलंय, त्यासाठी तीन महिने. नंतरचं नंतर.”

*

त्या तीन महिन्यांत घरात सुनेची हुकूमत चालली. सकाळी ती स्वतः गोळी हातावर ठेवायची, मग मलम, मग सुती हातमोजे. अण्णा कुरकुरायचे, ती ऐकायची नाही. मास्तर दर सुट्टीला यायला लागला. पूर्वी वर्षातून दोनदा येणारा माणूस आता शटर वर जायच्या आधी दारात उभा! येऊन करायचा काही नाही. बसायचा, वर्तमानपत्र वाचायचा आणि धाकट्याशी वाद घालायचा. पण वाद कसले, तर टॉवेल कुठले चांगले आणि पंखा कुठे लावावा. आक्का म्हणायची, असले वाद शंभर वर्षं चालू देत.

हात लाल झाले. बोटांची टोकं चुरचुरायची. दोनदा फोड आले, दोनदा फोन गेला. वस्तरा अण्णांनी हातात घेतला नाही. कात्री मात्र अर्धा तास चालायची, आणि तेवढ्यात ते दोन डोकी काढायचे, ठणक सहन करत. दुसऱ्या महिन्यात भांगाशी पांढरा केस दिसायला लागला तेव्हा सुनेने धाकट्याला हाक मारली आणि त्या दोघांनी तो एक-दीड मिलिमीटर पांढरा भाग असा न्याहाळला की बघणाऱ्याला वाटावं, घरात पाळण्याची तयारी चाललीय.

पण केसांवरून गाठीचं कळत नाही, हे डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. म्हणून निकालाच्या दिवशी सगळे वेळेआधीच पोचले. पाचही जण त्याच खोलीत, त्याच अपुऱ्या खुर्च्यांवर. आक्काने या वेळी खुर्ची नाकारली. बसले तर उठवणार नाही, म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. दोन चित्रं शेजारी शेजारी.

“हे तीन महिन्यांपूर्वीचं,” त्या म्हणाल्या. “स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध देतात, जिथे रक्त पोचतं तिथे उजळतं. बघा, गाठ कशी उजळलीय, सगळीकडून रक्त. आणि हे परवाचं.”

अण्णांना आधी काहीच दिसलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून. मग दिसलं. शेजारच्या चित्रात तेवढ्याच जागी एक लहानसा डाग होता. आणि त्याचा आतला भाग काळा होता.

“आत रक्त नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. आता त्यांनाही हसू लपवता येईना. “कडेला थोडंसं, बाकी सुकली. सव्वीस होती. अकरा झाली. दुसऱ्या दोन तर शोधाव्या लागतायत.”

“किती कमी झाली रे, मास्तर?” आक्का ओरडली. “पटकन सांग!”

“तेरा,” मास्तर म्हणाला. “नाही, चौदा... सव्वीस वजा... थांब...” आणि गणिताचा तो मास्तर, बावीस वर्षं वजाबाकी शिकवलेला, तोंडावर हात धरून हमसाहमशी रडायला लागला.

“पंधरा, दादा!” धाकटा रडत हसत म्हणाला. “पंधरा! मी दहावी नापास, मला आलं!” आणि त्याने थोरल्या भावाला उचललं. खरंच उचललं, जमिनीपासून वीतभर. आक्का दार उघडून बाहेर धावली आणि व्हरांड्यात रांगेत बसलेल्या अनोळखी माणसांना सांगत सुटली, “माझ्या भावाची गाठ सुकली! अकरावर आली!” आणि ती माणसं, ज्यांची स्वतःची रिपोर्टची पाकिटं अजून उघडायची होती, टाळ्या वाजवायला लागली. नर्सने ‘शू’ केलं आणि मग तिनेही वाजवल्या. सून अण्णांच्या खुर्चीजवळ खाली बसली होती आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून, जोरात नाक ओढत होती.

“आजार गेला असं मी म्हणत नाही,” डॉक्टरबाईंनी आवाज चढवून सांगितलं, कारण कुणी ऐकतच नव्हतं. “ताब्यात आहे, पक्का ताब्यात. पण गोळी चालूच ठेवावी लागेल. बरीच वर्षंसुद्धा. सुट्टीचा आठवडा आज संपतो ना?”

आवाज थांबले. आक्का दारातून आत आली. तीन महिन्यांचा वायदा संपला होता, हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणालाच तो विषय काढायचा नव्हता. धाकट्याने हळूच विचारलं, “अण्णा... हातांचं?”

अण्णांनी मोजे काढले. लाल, सुजलेली बोटं त्यांनी उलटसुलट करून पाहिली. त्यांना ती आवडत होती अजून. त्या बोटांनी या घराला उभं केलं होतं. मग त्यांनी सुनेपुढे तळहात पसरला.

“आण ती डबी.”

तिने डबी दिली. गोळी त्यांनी स्वतः काढली. बोटं धड वाकत नव्हती, दोनदा निसटली, पण कुणालाही हात लावू दिला नाही. धाकट्याने टेबलावरचा पाण्याचा ग्लास पुढे केला.

“मला जगायचंय,” अण्णा म्हणाले. कुणीतरी हे नाकारलं असल्यासारखं त्यांनी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. “हात गेले तर गेले. मला अजून पुष्कळ जगायचंय!”

त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, ग्लासभर पाणी घटाघटा प्यायले आणि आक्काकडे वळून मोठ्ठा आ केला. आक्काने त्यांची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं, जीभ वर करायला लावली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

“गिळली!” ती म्हणाली.